लिंबूटिंबू

कुताइसीत त्या हिवाळ्यांत
वीज घाईतल्या पाहुण्यासारखी यायची,
कोटसुद्धा न काढता दारातच उभी राहायची
आणि आपण खुर्ची पुढे करेपर्यंत निघून जायची.

शेजारच्या गोचाकाकांनी बेकरीच्या लाइनवरून
आमच्या खिडकीपर्यंत एक चोरटी तार ओढून दिली.
तिच्यावर बल्ब चालायचा, नाहीतर टीव्ही.
आईने बल्ब काढून ठेवला.
म्हणाली, पोरांचे चेहरे दिसतात की त्या उजेडात.

कॅसेटवर लिहिलं होतं :
नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ.
खरे होते सात.
बाकीचे तेच सात, फक्त आकाशाचा रंग वेगळा.
तरी नाताळच्या सुट्टीत आम्ही चारशेपर्यंत तपासले,
न जाणो.

कॅसेट अडली की बाबांची चाचा,
द्राक्षांच्या चोथ्याची, घशात जाळ उतरवणारी,
कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब.
अजून तो वास आला
की मला पहिल्या पातळीचं संगीत ऐकू येतं.
लग्नांत फार पंचाईत होते.

नुक्री खेळायचा. मी लिंबूटिंबू.
माझ्या हातात दुसरी जॉयस्टिक,
तिची वायर सोफ्याखाली गेलेली,
कशालाच न जोडलेली.
हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं,
चेंडू शोधायला सोफ्याखाली शिरले तेव्हा.
बोलले नाही.
बोलले असते तर तीही काढून घेतली असती.

म्हणून दाबत राहिले.
तो उडी मारायचा तिथे मीही मारायचे,
त्याच्या किंचित आधी.
खड्डा. शिडी. घुबड येतंय, वाक.
तो मेला की मनात म्हणायचे,
मी नसते मेले.

सहाव्या पातळीपुढे आम्ही कधी गेलो नाही.
खेळ राखून ठेवायची सोय नव्हती
आणि बेकरी आठला बंद व्हायची.
पडदा आकसत एक ठिपका होऊन विझायचा,
आणि अंधारात नुक्री ओरडायचा,
रडीचा डाव!
कोणाला, ते कळायचं नाही.
गोचाकाका भिंतीवर ठोकायचे.

आता वीज जात नाही.
म्हणजे जाते, पण आधी दिलगिरीचा मेसेज येतो.
नुक्री पोलंडमध्ये ट्रक चालवतो.
माझा दातो खेळतो त्या खेळांत
घोड्याच्या आयाळीचा केस न् केस हलतो.
परवा मागे उभा राहून म्हणाला,
या ठोकळ्यांत तुला काय दिसतं गं?
घुबड, मी म्हटलं.
चार काळे चौकोन, दोन पिवळे,
कुठल्या अँगलने घुबड?

खरंय.
पिसं माझी आहेत, घूत्कार माझा,
त्या थंडीत टकटकीत जागे राहिलेले डोळेही बहुधा माझेच.
पण ते तिसऱ्या शिडीशी
तीस वर्षं त्याच क्षणाला येतंय.
माझ्या ओळखीत दुसरं कोणी इतकी वेळ पाळत नाही.
आणि मारतं तेव्हा
चूक माझीच असते, स्पष्ट, मोजता येईल अशी.
दिवसभर विम्याच्या ऑफिसात बसून आल्यावर
याचं किती बरं वाटतं,
दातोला कसं सांगू?

काल रात्री सहावी पार झाली.
अंगठ्याने केली, मी नुसती बसले होते.
सातवी छोटीशीच निघाली. एक पूल, एक दार,
दारामागे पुन्हा पहिलीच पातळी,
फक्त आकाश जांभळं.

नुक्रीला फोन लावला.
व्रोत्सवाफच्या बाहेर कुठेतरी ट्रक लावून झोपला होता.
सहावी झाली, म्हटलं.
तो ताडकन उठून बसला, मला सीटचा आवाज आला.
पुढे काय आहे? सांग ना, पुढे काय आहे?

मी जांभळ्या आकाशाकडे बघितलं.
वीज गेली रे, म्हटलं, ऐन वेळेला.

तो हसला, बराच वेळ,
मग त्याला खोकला आला, मग शांत.
मागून एक ट्रक गेला, आणखी एक गेला.
मग हळूच विचारलं त्याने,
या वेळी वायर जोडली होतीस ना?