गालानं ऐकलेलं

बेथेस्डामधली मार्चची सकाळ. छपरावर, भिंतीत, उंबऱ्यात
तोच निळसर पाटीचा दगड,
जो फोडता फोडता आजोबांचे कान गेले.
ताइद म्हणतो आम्ही त्यांना. हाक मारून उपयोग नसतो.
शेडचा दिवा दोनदा उघडझाप करायचा,
मग वळतात.

इद्रिस पार्सेल बंदूक ठेवून गेलाय, सोबत चिठ्ठी:
छर्रा कधी वर लागतो, कधी खाली.
आमच्या डोंगरावरच्या हवामानासारखी लहरी झालीय.
हवेची बंदूक. दारू नाही, ठिणगी नाही.
एक स्प्रिंग, एक पिस्टन,
आणि मुठीत मावेल एवढा कोंडलेला वारा.

वेगमापकाजवळ मी, हातात खडू.
सातशे एकसष्ट. आठशे तीन. सातशे सत्तर.
आठशे एक (आठशेच्या वर परवाना लागतो, इद्रिस!).
सातशे अडुसष्ट.
ताइद पाटी वाचतात, नळी नाकाशी धरतात.
जळक्या तेलाचा वास.
कुणीतरी प्रेमानं तेल पाजलंय,
दाबाखाली ते पेटतं, दर खेपेला वेगळं,
आणि छर्ऱ्याला फुकटचा धक्का देतं. किंवा देत नाही.
"फुकटचं," ताइद म्हणतात, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात,
"मोजता येत नाही."

मग एकेक आटा सोडवत, छाती मागे ठेवून,
कारण स्प्रिंगला ओळखपाळख नसते.
बाहेर आली तेव्हा एका टोकाला पोक काढलेली.
सील कडेनं कुरतडलेला, उंदरानं चाखल्यासारखा.
नळीतून फडकं काळं निघालं,
मग करडं,
मग जेवणाच्या टेबलावर चालेल असं.
नवा सील लेथवर केसभर उतरवला:
अंगठ्यानं ढकलला तर जावा, सोडला तर थांबावा.
आणि ग्रीस? पावाला लोणी लावतात तसं नाही.
रक्तदाबवाल्याला मीठ वाढतात तसं.

छर्रे मी तोलते. बंद पडलेल्या औषधाच्या दुकानातला काटा,
रतीच्याही खालचा हिशेब.
बूड चेपलेले एकोणीस निघाले. ते वेगळ्या वाटीत, माझे,
डबे पाडायला.
आणि मीच एक वॉशर पुढे करते, स्प्रिंगमागे घाला,
जोर वाढेल.
ताइद माझे ओठ वाचतात.
आत होते दोन, त्यातला एक काढतात
आणि टेबलावर ठेवतात, उरलेल्या सुट्या पैशासारखा.

बाकावर टेकून पेटीत गोळी. नेम धरायचा नाही,
म्हणून डोळे मिटलेले, दस्ता गालाला.
मला ऐकू येतो तो टणत्कार, स्प्रिंगची रेंगाळलेली शेपटी.
त्यांना तो गालाच्या हाडात येतो.
"अजून गुणगुणतेय."
पुन्हा खोला. आतली दांडी जाड करा. पुन्हा बांधा.
"अजून."
दुपारचा चहा गार झाला, त्यावर साय आली,
मी तिसऱ्यांदा तेच स्क्रू त्याच बशीत मोजले.

दिवेलागणीला: धप्प.
जाड पुस्तक मिटावं, बस, तेवढंच.
सातशे चौपन्न. सातशे पंचावन्न. सातशे चौपन्न.
सातशे छप्पन्न. सातशे पंचावन्न.
कमी झालंय, मी तळहात खाली करून दाखवते.
ताइद पाटीकडे पाहत राहतात, अक्षर सुधारलेल्या पोराची वही बघावी तसे.
मग, कधीच न सांगितलेलं, दगडाला सांगितल्यासारखं:
"त्या दिवशी सुरुंगात कुणीतरी
दोन मुठी जास्त भरली होती.
काम लवकर व्हावं म्हणून."

पुढचं विचारायला मी दिव्याकडे हात नेला
आणि परत घेतला.

त्यांनी बंदूक माझ्याकडे दिली.
मी कानात कापसाचे बोळे घातले, डोळे मिटले,
दस्त्यावर गाल टेकला, तिथं लाकूड अजून त्यांच्या गालानं ऊबदार.
चाप ओढला.
गालात काहीच आलं नाही.
त्या काहीच नाहीसाठी अख्खा दिवस गेला होता.

इद्रिसचं बिल मी लिहिलं, त्यांनी सांगितलं तसं:
सील एक. स्प्रिंग एक. मजुरी, चहासकट, नऊ पौंड.
वॉशर एक,
परत.