तूट

रात्री साडेअकराला उठवून नेलं मला,
वजन करायचं होतं.
तीस वर्षं हळद तोलली, बेदाणा, गूळ,
एकदा पैजेखातर माणूस.
देवमाशाचं काही तोलायची वेळ पहिलीच.

डिकीत, खताच्या पोत्यात,
करड्या दगडासारखं एक ढेकूळ.
आंबा घाट चढून आलेलं.
आमची कृष्णा त्या समुद्राला पाठ करून जाते,
हे तिकडूनच आलं, न विचारता.
वनरक्षक ऐवळेबाई म्हणाल्या, हात लावू नका.
तोवर लावला होता.
शेण, बंद देवघर, ओला तंबाखू,
असला काहीतरी वास. अजून नखात आहे.

चार किलो सहाशे चाळीस.
पंच क्रमांक दोन : इरगोंडा बाबू मगदूम, तोलार.
सही करताना विचारलं, ही उलटी का शेण?
बाई दमल्या होत्या, तरी बोलल्या.
कोसभर खोल बुडी मारतो म्हणे,
अंधारात माकुळ खातो,
श्वासाला वर येतो आणि वरच हगतो.
त्या घाणीवर पाण्यातलं हिरवं वाढतं,
डोळ्याला दिसणार नाही इतकं बारीक,
त्यावर किडामुंगीएवढे जीव, त्यांवर मासळी.
मिरजेला बर्फातून येणारा बांगडासुद्धा
कुठंतरी त्याच खात्यावरचा.

आणि मेला की?
बुडतो. तळाला पन्नास पन्नास वर्षं पुरतो.

मला हरिपूरची पेवं आठवली.
आधी कंदील सोडायचा,
विझला तर उतरायचं नाही.
खालच्या अंधारात ठेवलेलं टिकतं,
एवढं आम्हाला ठाऊक होतं.
खालच्या अंधारात पडलेलं जेवू घालतं, हे नव्हतं.

तसं बघितलं तर
सौदा उठल्यावर फरशीवर सांडलेलं
आडत्याचं नसतं, शेतकऱ्याचं नसतं.
लगमव्वा झाडून नेते,
तिच्यामागं चिमण्या,
चिमण्यांमागं मुंग्या.
वहीत आम्ही त्याला तूट लिहितो.

बाईंनी लाख लावली, गाडी गेली.
सकाळी काटा रिकामा,
तरी दहा ग्रॅम दाखवत होता.
कडेला करडी भुकटी.
आडत्या ओरडला, शून्य कर की रे.
करतो म्हटलं.
आधी चहा घेतला.