फळीचा आवाज

दौलत निंबाळकर, मिलच्या संघाचा फुलबॅक.
नावापुरतीच दौलत.
हजीऱ्याच्या दोन खोल्यांत सात माणसं
आणि आठवी ती हॉकी, दाराआड उभी,
तिला पाय लागला तर घरातलं मूलसुद्धा नमस्कार करायचं.

हे मी पाहिलेलं नाही. ऐकलेलं.
मी पाहिला तो मास्तर:
गुडघ्याला पट्टी, खिशात शिट्टी,
शिट्टीतला वाटाणा कधीचाच हरवलेला,
म्हणून तो ओरडायचा.
लांबून हिंदीत, जवळ येऊन मराठीत,
आणि शिवी ओठावर आलीच
तर मुली आहेत म्हणून गिळून टाकायचा.
आम्हाला त्या गिळलेल्या शिव्याही पाठ होत्या.

मिल बंद पडली
तेव्हा भोंग्यावर उठणारी अख्खी वस्ती
काही दिवस अंथरुणातच भोंग्याची वाट बघत पडून राहिली.
हा मात्र पाचला मैदानावर.
पगार नाही, संघ नाही,
अकरा मुली आणि सात स्टिका.
“जिच्या हातात नाही तिनं पळायचं.
पळायला काय लाकूड लागतं?”

जूनमध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याचा दगड
पहाटेसुद्धा कोमट असतो.
उरवाईच्या चढावरून जायचं, भिंतीला हात लावायचा, परत यायचं.
कुणी अर्ध्यातून वळली असं वाटलं
तर तो तिचा तळहात आपल्या गालाला लावून बघायचा.
वैद्यासारखा.
आणि म्हणायचा, “थंड आहे. जा.”

सगळं शिकवलं त्यानं.
अंगावर कधी जायचं, आणि कधी जायचं नाही
हे त्याहून जास्त.
“चेंडू बघू नको, डोळे तर मुळीच नको,
कंबर बघ. कंबरेला खोटं बोलता येत नाही.”
फक्त पेनल्टी स्ट्रोक नाही शिकवला.
विचारलं की शिट्टी पुसत बसायचा,
नसलेल्या वाटाण्याची.

मटार सोलता सोलता काकूंनी सांगितलं:
भोपाळ, अठ्ठ्याहत्तर साल, शेवटचं मिनिट.
सात यार्ड. समोर एकटा गोलकीपर.
चेंडू वरून गेला.
“मारून झाल्यावर हे उभेच राहिले,
फळीचा आवाज येईल म्हणून.
अजून रात्री मधेच उठून बसतात.
मी विचारत नाही. पाणी देते.”

मग आमची फायनल. घरच्याच मैदानावर.
शून्य-शून्य, आणि स्ट्रोक मिळाला आम्हाला.
मारणार मी.
वळून पाहिलं तर मास्तर पाठ फिरवून
किल्ल्याकडे तोंड करून उभा,
जणू तिथं वर कुणी त्याचं नाव पुकारत होतं.

मी मारला.
ठक्क!
दोन्ही हात वर करून तो गर्रकन वळला.

खांब होता.
चेंडू खांबाला लागून कोपऱ्याकडे घरंगळत चालला होता,
सावकाश, बाजाराला निघाल्यासारखा.
मास्तरचे हात वरच.
मग तो हसला.
त्याला वरचा एक दात नाही
हे अकरा जणींना त्या दिवशी कळलं.
“आवाज तर झाला,” म्हणाला.
पुढे आम्ही एका गोलनं हरलो. ते असो.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता
चुन्याची ताजी खूण, सात यार्डांवर.
गोलात नव्या फळ्या, म्हणजे जुन्याच,
मिलच्या खोक्यांच्या,
त्यांच्यावर गाठींचे नंबर अजून काळ्या शाईत.
“चल. दोनशे.”

तो खूण सोडून बाजूला उभा राहिला, डोळे मिटून.
मी मारत गेले, तो मोजत गेला.
ठक्क. ठक्क. ठक्क.
ऊन चढलं, दूधवाले परतले,
कुणीतरी मैदानातून सायकल हाकत गेलं.

चौतीस झाले.
पस्तिसाव्याला त्यानं डोळे उघडले नाहीत,
फक्त मान हलवली:
“हा खांबाला.
पुन्हा.”