बारा बाय पंधरा

दहीपुलाकडून उतरताना
पितळी भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर
अण्णांचा स्टुडिओ.
गिऱ्हाइकं बहुतेक थेट गंगेवरून यायची,
अस्थी सोडून, ओलं धोतर पिळून.
दहाव्याला फोटो हवा. बारा बाय पंधरा.
आणि पिशवीतून निघायचा कुठल्यातरी लग्नातला ग्रुप.
"हे आमचे दादा. मागच्या रांगेत.
वरमाईच्या पदराआड."

मसुराएवढं डोकं.
अण्णा ते मोठं करायचे,
पदर ब्लेडनं खरवडायचे,
न दिसलेला कान अंदाजानं काढायचे,
खाली कोट चिकटवायचे.
काळा. सगळ्यांना तोच.
अर्ध्या पंचवटीचे वाडवडील
एकाच कोटात भिंतीवर बसलेत.

मी नऊ वर्षांची. माझ्याकडे डोळे असायचे.
शून्य नंबरचा ब्रश, पांढरा रंग,
श्वास धरून बुबुळात एक ठिपका.
ठिपका हुकला
की माणूस कुणाकडेच बघत नाही.

आता प्रदर्शनात विचारतात, तुमची शैली काय?
मी सांगते काहीबाही. नैसर्गिक प्रकाश वगैरे.
खरं तर गंगापूर रोडच्या माझ्या खोलीला
उत्तरेकडे एकच खिडकी आहे
आणि एका पायानं आखूड असलेलं स्टूल.
माणूस बसतो. सावरून बसतो. चेहरा चढवतो.
मी चहा टाकते,
आल्याचा तुकडा शोधते, सापडला तरी शोधते.
मग कधीतरी स्टूल डुगडुगतं,
आणि तोल सांभाळायला आतून जो कोणी धावत येतो
त्याचा फोटो घेते.

परवा सातपूरच्या इंदुबाई निरगुडे आल्या,
तीस वर्षं पॅकिंगला होत्या कंपनीत.
म्हणाल्या, "भिंतीवरचाच काढ बाई.
पोरांची नंतर धांदल नको.
खिळा ठोकूनच आलेय.
वर हारापुरती जागा सोड."

स्टूल हललं.
त्या हसल्या, आणि दात नाहीत म्हणून
झटकन तोंडावर हात.

अण्णांनी तो हात खरवडला असता,
खाली बरेसे ओठ काढले असते.
मी राहू दिला. बोटांवर पॅकिंगच्या पट्टीचे जुने वण,
आणि वर, दोन्ही डोळ्यांत, मोहरीएवढी
माझी चौकोनी खिडकी.
ब्रश लागला नाही.

फोटो न्यायला आल्या तेव्हा बराच वेळ बघत राहिल्या.
हारापुरती जागा बोटांनी मोजली.
मग रिक्षात बसताना म्हणाल्या,
"खिळा राहू दे तसाच.
तोवर फ्रिजवर ठेवते."