मध्यम

वीजबिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर
मी उद्याचा रविवार लिहायला घेते.

जुन्या सीबीएसवरून पेठची एसटी, सहा पन्नास.
कंट्रोलर म्हणाला, सव्वासात धरा.
मी सहा पन्नासच धरते.
तीस वर्षं प्रेसमध्ये कागद मोजलेत,
एक ताव कमी भरला तर कुणी घरी जायचं नाही तिथे.
निवृत्तीनंतर ती सवय
डब्यातल्या पोळ्यांवर आणि त्याच्या गोळ्यांवर उतरली आहे.

डोंगरांचे म्हणे तीन वर्ग : सोपा, मध्यम, कठीण.
डॉक्टरही तोच शब्द बोलले होते, चष्मा पुसता पुसता,
"मध्यम चढायला हरकत नाही."
कुणाच्या मानाने मध्यम, ते विचारायचं राहिलं.
बाहेर पुढचा नंबर पुकारला गेला.

म्हणून खिरपाड्याच्या भोयेंना फोन लावला.
दादा, गेरूकड्यापर्यंत किती वेळ?
"कुनाच्या पायानं?
शेळीला अर्धा तास. आमच्या म्हातारीला पाऊन,
डोक्यावर मोळी असली तर तास.
तुमी नाशिकची मान्सं फोटू काढता. दोन धरा."
मग जरा थांबून,
"मंगळवारी बी एकजन आलते. एकलेच.
म्हंजी वाट सापडती."

दोन लिहिले. खोडले. अडीच.

शाळेमागून ओढा, मग सागाचं रान.
कार्तिक सरत आलाय, किड्यांनी पानांची चाळणी केली असेल,
ऊन गाळून पडेल अंगावर, कोंडा बाजूला काढल्यासारखं.
टोप्या दोन. पाणी चार लिटर :
तीन माझ्या पाठीवर, एक त्याच्या,
काहीच दिलं नाही तर चिडतो.

बसायच्या तीन जागा भोयेंकडून काढून घेतल्या,
हळू आवाजात, स्वयंपाकघराचं दार लोटून.
मोहाचं दुहेरी खोड.
वनखात्याची मोडकी पाटी.
आणि जिथे काळा दगड संपून तांबडा पट्टा लागतो,
विटेसारखा, बोटाला रंग देणारा,
तिथे एक सपाट शिळा.
तांबडं तिथनंच, खाली कुठंच न्हाई, म्हणाले.

पहिल्या जागी माझ्या बुटाची लेस सुटणार आहे.
दुसऱ्या जागी मला एक पक्षी ऐकू येईल, कुठलाही.
तिसरीचं कारण अजून सुचलेलं नाही.

एक वाजता असू तिथून मागे फिरायचं.
माथ्याचा हट्ट कुणीही करायचा नाही.
त्या "कुणीही"खाली दोन रेघा.

बाहेर बातम्या चालू आहेत, आवाज मोठा.
दशम्यांचं पीठ मळून झालं, लसणाची चटणी, चार पेरू.
जिभेखालची गोळी दोन ठिकाणी :
एक त्याच्या वरच्या खिशात,
एक माझ्याकडे, त्याला न सांगता.

शेवटी बूट.
त्याचे मी आठ महिन्यांपूर्वी पुसून ठेवले होते,
दवाखान्यातून आलो त्या आठवड्यात,
वर्तमानपत्राचे बोळे कोंबून.
बोळे नाहीत.
तळव्याच्या खाचांत गेरू आहे.
नखाने उकरला तर पोपडा निघाला, विटकरी,
चार दिवसांचा तरी असेल.

मंगळवारी हा बँकेत गेला होता,
हयातीचा दाखला द्यायला.
चार वाजता आला. फार गर्दी होती म्हणाला.
जेवला नाही, भिंतीकडे तोंड करून झोपला,
आणि मी देवापाशी बसून होते उगाच.

पोपडा बोटांत धरून मी बराच वेळ उभी.
रागवायला हवं होतं. सुरुवातही केली मनात,
पण मध्येच त्याला त्या शिळेवर बघितलं,
एकटा, डबा नाही, छातीवर हात,
खाली सगळं रान,
आणि घरी सांगायची सोय नाही.

वीजबिल पुन्हा घेतलं.
पहिल्या दोन जागा खोडल्या.
मग परत लिहिल्या, गुडघे माझेही आहेत.
तिसरीपुढे लिहिलं : त्याने दाखवायची.

बूट न पुसता दाराशी ठेवले.
"झालं का गं तुझं?" त्याने आतूनच विचारलं.
होतंय, म्हटलं.
वाट तशी सोपी आहे म्हणतात.
"कोण म्हणतं?" तो म्हणाला,
आणि टीव्हीचा आवाज कमी झाला.