दार लावून बघणं

पर्वरीच्या यार्डात बँकेनं ओढून आणलेली सेडान.
किंमत मी ठरवायची, पण हात इनासचे;
म्हापशात चाळीस वर्षं टॅक्सींच्या सीटा शिवणारे.

तो आधी दार लावतो. डोळे मिटून.
धप्प.
चिखलात नारळ पडावा तसा आवाज.
"बरी आसा."
मग डॅशबोर्डवर नख:
"हें लाकूड न्हय, लाकडाचो फोटो."

छान दिसतं तिथं तो बघतच नाही.
सीटखाली कोपरापर्यंत हात घालतो,
जिथं शिवणाऱ्याला वाटलं असेल, कोण येतंय इथं.
टाके सरळ. शेवटची गाठसुद्धा दुहेरी.
पट्ट्याच्या बोल्टपर्यंत मात्र खारा वारा पोचलाय,
चिमूटभर गंज.

ड्रायव्हरच्या सीटची उजवी कड झिजलेली.
बाकी चामडं कोरं,
मागे अजून कारखान्याचा वास.
"चार वर्सां," इनास म्हणतो, "आनी एकटोच?"

फॉर्मात याला रकाना नाही.
मी लिहितो: अंतर्भाग उत्तम.

इनास स्कूटरला किक मारतो.
त्याच्या सीटच्या मागच्या अर्ध्यावर नवं रेक्झिन,
वेगळ्याच रंगाचं.
तिथलं जुनं
कुणी ना कुणी बसून फाटलेलं.