उसना कोट

संध्याकाळी सहाला माझं दुकान उघडतं.
दुकान कसलं, जेवणघराच्या दाराशी एक कपाट,
बावीस कोट, चौदा टाय,
आणि मी, क्रिसान्तो, खालच्या डेकवरचा इस्त्रीवाला.
ज्याच्या अंगात कोट नाही त्याला
जेवणापुरता कोट द्यायचा,
अकराला परत घ्यायचा.
पैसे नाहीत. फक्त खोलीचा नंबर.

सकाळीच प्रत्येक उशीवर चिठ्ठी ठेवलेली असते:
आज रात्री औपचारिक पोशाख.
मग दुपारभर लिफ्टमध्ये दुसरा विषय नाही.
जीन्स चालेल का, काळी आहे हो, दुरून पँटच वाटते.
सँडल? चामड्याच्या आहेत.
डंडीच्या मिसेस अबरक्रोम्बी तीन बॅगा उपसून बसल्या होत्या,
म्हणाल्या, घालायला काहीच नाही,
आणि हे मोती, बोट हलली की सुपात बुडतात.
या घोळात डाव्या हाताला फेरो बेटं येऊन गेली.
मी टॉवेल घेऊन वर आलो होतो म्हणून दिसली.
हिरवी होती.
कडेवर मेंढ्या उभ्या होत्या, जशा होत्या तशा.

सव्वासातला तो आला.
उंच, हात मासे सोलणाऱ्याचे,
अंगात निळा स्वेटर, छातीवर पांढरी नक्षी.
टालाक, वार्डोचा. खोली पाच हजार तीस.
झ्द्राव्को दारातच म्हणाला, साहेब, स्वेटर नाही चालत.
नवा आहे, टालाक म्हणाला.
मग जरा थांबून, सहा वर्षांचा आहे. पण नवा आहे.

झ्द्राव्कोने माझ्याकडे पाहिलं.
नियम मी करत नाही,
मी त्यांना इस्त्री करतो.
सतरा नंबरचा कोट काढला, आमच्यातला सगळ्यात ऐसपैस.
म्हटलं, स्वेटर माझ्याकडे ठेवा, जपून ठेवीन.
तो नको म्हणाला.
स्वेटरवरूनच कोट चढवला, कानापर्यंत लाल झाला,
बटण लागेना.
उजवा हात बरोबर बसला.
डाव्या मनगटाशी लोकर दोन बोटं बाहेर राहिली.
मी आत खोचायला गेलो तर म्हणाला, राहू दे,
उजवी बाही तिने घरी विणली,
डावी इस्पितळात.
तिथे मोजायला मी नव्हतो ना समोर.

कोटाच्या बाहीतून कफ अर्धं बोट दिसावा,
हे मला शिकवलं झ्द्राव्कोनेच, पट्टी घेऊन.
तो त्या दोन बोटांकडे बघत राहिला.
मग स्वतःचा बो सरळ केला, तो आधीच सरळ होता,
आणि म्हणाला, टेबल एकेचाळीस, खिडकीजवळ.

अकराला कोट परत येतात.
खिशांत काय काय येतं:
दात कोरायच्या काड्या, अर्धी गोळी,
बायकोच्या वाढदिवसाला म्हणायचे चार शब्द, कागदावर,
घडीसुद्धा न मोडलेले.
सतरा नंबरच्या खिशात पावाचा तुकडा होता,
रुमालात नीट बांधलेला.
विसरला असेल. किंवा मला ठेवला असेल.
मी खाल्ला.

माझं जेवण साडेअकराला, पाण्याच्या रेषेखाली.
भात, सुका मासा, पायांत रबरी चपला,
टीशर्टवर व्हिगानच्या पतपेढीची जाहिरात.
आई मात्र उघड्या अंगाने ताटावर बसू द्यायची नाही.
उन्हाळ्यात पंखा नसायचा, तरी सदरा घाल म्हणायची,
भाताला लाज वाटते.
कोण येणार होतं आमच्याकडे जेवायला?
कुणी नाही. भातच.

आता एक वाजलाय.
सतरावर वाफ सोडली तर
पूर्ण खोलीत ओल्या मेंढीचा वास.
अस्तराला निळे तंतू चिकटलेत,
ब्रशने एका फटक्यात निघतील.
एकवीस कोट झाले.
उद्या साधा पोशाख आहे, कपाट बंद,
ब्रश कुठे पळून जात नाही.